औंधच्या राजाचे डंबेल्स आणि आमचे आजोबा

'व्यायाम कर' असं सांगणारी माणसं आपल्या आयुष्यात भरपूर असतात. डॉक्टर सांगतात, नवरा सांगतो, लेक परगावाहून फोन करून सांगते, आणि हल्ली हातातलं घड्याळसुद्धा थरथरून सांगतं. व्यायामात गंमत कशी येईल हे मात्र कोणी सांगत नाही. जणू काढाच आहे तो, कडू असणारच, नाक दाबून पिऊन टाका.

यंदा मला पन्नास पूर्ण झाली. इथे येऊन वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींना हा आकडा मला का टोचतो ते माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. माझे बाबा १९९८ साली गेले तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. हार्ट अ‍ॅटॅक. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि त्या दिवशी सकाळीही त्यांचे नमस्कार घालून झालेले होते. पुढे ते ८७ पर्यंत जगले.

एवढ्यावरून 'बघा, व्यायामाचं महत्त्व!' असा निष्कर्ष काढायला मी बसलेली नाही. बाबांची सिगारेट होती, मार्चएन्डची जागरणं होती, आणखीही बरंच काही होतं. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एकाच घरात, एकच व्यायाम. बापाला तो इतका आवडतो की ताप असला तरी 'दोन तरी घालतो' म्हणतो. आणि मुलगा तो सोडण्याची वाट बघतो. हे असं का झालं असेल? या प्रश्नापायी मी गेले काही महिने औंध संस्थान, तालमी, मल्लखांब असं कायकाय वाचत बसले. (हो, बसूनच. आईने टोमणा मारून झालेला आहे.)

आजोबा औंध संस्थानातले. औंध म्हणजे पुण्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, यमाई देवीचं. ७२ गावांचं छोटंसं संस्थान आणि तेही सलग नाही, इकडेतिकडे विखुरलेलं. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८, गादीवर आले १९०९ मध्ये. हा माणूस मोठा गमतीचा. स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनकार. किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरानाची जागा दिली ती यांनीच, १९१० मध्ये. पंडित सातवळेकरांना ठेवून घेतलं तेही यांनीच, आणि ते सातवळेकर पुढे शंभरी ओलांडून गेले. १९३९ च्या सुमारास गांधीजींच्या सल्ल्याने या राजाने आपली सत्ता लोकांच्या हाती देण्याचा प्रयोग केला. पण देशाबाहेर त्यांचं नाव गेलं ते सूर्यनमस्कारामुळे.

मजा अशी, की या सूर्यनमस्काराच्या राजाची सुरुवात विलायती डंबेल्सनी झालेली आहे!

त्या काळात युजेन सँडो नावाच्या जर्मन पहिलवानाची जगभर हवा होती. नुसता खेळ करून तो थांबला नाही, त्याने पुस्तकं काढली, उपकरणं विकली, टपालाने व्यायाम शिकवला. आजच्या भाषेत फिटनेसचा पहिला मोठा ब्रँड म्हणावा तसा. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात दौऱ्यावरही येऊन गेला. भवानरावांनी १८९७ साली सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. दहा वर्षं! म्हणजे माणूस आळशी नव्हता, निश्चयाचा होता. तरीही १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग जन्मभर तेच धरून राहिले.

सूर्यनमस्कार काही औंधात शोधला गेला नाही. तो आधीपासून होताच. कुठे धर्माचा भाग म्हणून, कुठे तालमीतल्या जोरांचा भाऊबंद म्हणून. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालत असं परंपरा सांगते. पण घराच्या कोपऱ्यातून काढून त्याला शाळेच्या मैदानावर आणण्याचं, बायका-मुलं-म्हातारे सगळ्यांनी घालावा असा करण्याचं मोठं श्रेय भवानरावांना जातं. त्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली, चित्रफीत काढवून घेतली, संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईज मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली, आणि त्यातून १९३८ साली लंडनला 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक निघालं. दहा पॉइंट म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती. आज जगभर योगाच्या वर्गात लोक जो नमस्कार घालतात, त्याच्या मागे हा सातारा जिल्ह्यातला राजा बऱ्यापैकी उभा आहे.

सँडोपेक्षा त्यांना यात काय जास्त मिळालं असेल? शरीराला काय फायदा, ते त्यांनी पुस्तकात पानंच्या पानं लिहिलंय. बीजमंत्र मोठ्याने म्हटल्याने आतल्या अवयवांना चालना मिळते वगैरे त्यांचं म्हणणं मला काही पटत नाही. पण मोठ्याने म्हणण्याचा त्यांचा आग्रह मात्र मला फार शहाणपणाचा वाटतो. एक तर श्वास आपोआप लयीत येतो. दुसरं, प्रत्येक नमस्काराला सूर्याचं नाव वेगळं. मित्र, रवी, सूर्य, भानू... अशी बारा. म्हणजे आपण कुठवर आलो ते आकडे न मोजता कळतं. आणि तिसरं म्हणजे, मोठ्याने म्हणायचं तर ते चारचौघांत म्हणायला मजा येते. सँडोच्या पद्धतीत तुम्ही, तुमचा आरसा आणि तुमचे दंड. मनापासून बघावं असं त्यात आपल्याशिवाय कोणीच नसतं, आणि आपल्याकडे बघून रोज आनंद व्हावा असे दंड किती जणांचे असतात?

आता आजोबा.

आजोबा १९३० च्या दशकात संस्थानातल्या शाळेत होते. शाळा भरायच्या आधी मैदानावर मुलं ओळीत उभी राहायची. मास्तर पुढे. सगळ्यांनी एका आवाजात नाव घ्यायचं आणि खाली जायचं. आजोबा सांगायचे, 'पूष्णे नमः' आलं की मागच्या रांगेतून हमखास कोणीतरी खुदकन हसायचं, आणि मग अख्खी रांग ओणवीच्या ओणवी हसत राहायची. नंतर मूठभर भिजवलेले हरभरे मिळायचे. त्या हरभऱ्यांचं वर्णन ते नमस्कारांपेक्षा जास्त रंगवून करत! थंडीत जमिनीला हात लावल्यावर काय वाटतं, शेजारचा मुलगा आपल्या आधी उठला तर कसा राग येतो, एकदा खुद्द महाराज येऊन बघून गेले तेव्हा सगळ्यांच्या पाठी कशा ताठ झाल्या... त्यांच्या सांगण्यात 'आरोग्य' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

म्हणजे सक्ती त्यांच्यावरही होती. पण सक्तीबरोबर तिथे शंभर मुलं होती, सूर होता, चेष्टा होती, हरभरे होते.

जुन्या तालमींबद्दल वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. तालमीत जाणाऱ्या पोराला 'मोटिव्हेशन' म्हणजे काय हे कळलं नसतं. तिथे हौद्याची लाल माती, त्यात घातलेलं तेल, ताक, हळद, तिचा वास. वस्तादाची नजर. जोर-बैठका घालताना शेजारी घाम गाळणारे दहा पठ्ठे. कुस्ती हा तर खेळच, आणि तो एकट्याला खेळताच येत नाही. बाहेर पडलं की दूध. कोल्हापूरला गंगावेशीत उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला लोक आजही जमतात. तिथलं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पुरं केलं. रोमचा तो जुना प्रचंड आखाडा बघून त्यांच्या मनात ते आलं असं सांगतात. बघणाऱ्यांची सोय करणं हीसुद्धा व्यायामाचीच सोय होती, हे त्या राजाला कळत होतं.

मल्लखांबाची कथा तर मला फारच आवडते. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी निजामाकडून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्यात आले आणि 'आमच्याशी लढणारा आहे का कोणी?' म्हणून आव्हान दिलं. बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने ते घेतलं, थोडी मुदत मागितली आणि वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिला. तिथे त्याला मारुतीने खांबावर पकडी दाखवल्या, आणि परत येऊन त्याने अलीला चीत केलं. गुलाबने लढायलाच नकार दिला. दृष्टांताचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त आहे, म्हणजे खांबही नवा नाही. मला त्यातली गंमत वाटते ती ही, की लढायला जोडीदार नाही तर त्या माणसाने खांबालाच जोडीदार केलं! एकट्याने करायच्या कसरतीतही समोर कोणीतरी असल्यासारखं. आणि पुढे तर या खांबाने फारच लांबचा प्रवास केला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, आणि तिथेच समर्थ व्यायाम मंदिरात शिकवणाऱ्या उदय देशपांड्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

बडोद्यात तर जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. माणिकरावांनी शेकडो लोकांनी एका हुकमावर एकदम करायचा संघव्यायाम उभा केला. अशा गोष्टींतून पुढे कवायत आणि शिस्त जास्त आणि खेळ कमी असंही काही ठिकाणी झालं असावं, पण तो विषय मोठा आहे. असो.

आणि टिळक! अंगाने किरकोळ होते म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी व्यायामात आणि पोहण्यात घालवलं आणि परीक्षेत नापास झाले, असं चरित्रकार सांगतात. हे मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं. चिरंजीवांनी फक्त 'नापास' एवढंच ऐकलं.

आता याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट. आपण ज्याला ट्रेडमिल म्हणतो त्या शब्दाचा इतिहास ठाऊक आहे का? १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी एक भलंमोठं चाक बनवलं. चाकाला पायऱ्या. कैद्याने चढत राहायचं, चाक फिरत राहायचं, कैदी तिथल्या तिथे. काही ठिकाणी त्यावर धान्य दळत, पाणी उपसत. बऱ्याच ठिकाणी तर काहीच नाही, नुसतं फिरवायचं. पुढेपुढे कैद्यांच्या मध्ये लाकडी फळ्या लावल्या, शेजाऱ्याशी बोलता येऊ नये म्हणून. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डलाही या चाकावर चढावं लागलं होतं. १८९८ च्या कायद्याने हा प्रकार इंग्लंडात बंद झाला, आणि पुढे अर्धशतकाने हृदयाची तपासणी करायला म्हणून ट्रेडमिल दवाखान्यात आली, तिथून जिममध्ये.

मी ट्रेडमिलची टिंगल करत नाहीये. पावसाळ्यात तिच्यासारखी सोय नाही, आणि कानात गाणी असली की ती बरीही वाटते म्हणे. पण विचार करा, पायाची हालचाल तीच, घाम तोच. शिक्षा कशाने होते? नुसत्या चढण्याने होत असती तर लोक हौसेने सिंहगड कशाला चढले असते! चढून कुठेच न पोचणं आणि शेजाऱ्याशी बोलायची बंदी, या दोन गोष्टी त्या चाकात मुद्दाम घातल्या होत्या.

आपल्या शाळांनी हेच केलं की. बैठक हा तालमीतला मानाचा व्यायाम. शाळेत तिचं नाव झालं उठाबशा, आणि ती मिळायची गृहपाठ न केल्याबद्दल. धावणं म्हणजे उशीर झाल्याबद्दल मैदानाला पाच चकरा. दहा वर्षं व्यायामाची गाठ शिक्षेशी बांधायची, आणि चाळिशीत त्याच माणसाला म्हणायचं, 'अरे, एन्जॉय कर!'

बाबांचंही असंच झालं असं मला वाटतं.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. आजोबा तोवर नोकरीसाठी पुण्याला आले होते. शाळेचं मैदान मागे राहिलं, पण नमस्कार त्यांनी बरोबर आणले. बाबा सात-आठ वर्षांचे झाल्यावर त्यांनाही पहाटे उठवून नमस्कार सुरू झाले. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, बाकीची झोपलेली, म्हणून नावं मनातल्या मनात घ्यायची. आजोबा स्वतःचे घालून भिंतीला टेकून बसायचे आणि बोटांवर मोजायचे. बारा. कोपर बाहेर गेलं की तो धरायचा नाही, परत घालायचा. हे आत्याने मला सांगितलं. ती अंथरुणातून किलकिल्या डोळ्यांनी बघायची. तिला मुलगी म्हणून या नमस्कारातून सूट होती, आणि गंमत बघा, आज ७४ व्या वर्षी रोज घालते ती आत्याच.

आजोबांचं प्रेमच होतं त्यात, याबद्दल मला शंका नाही. जे त्यांना सगळ्यात चांगलं मिळालं होतं तेच ते मुलाला देत होते. फक्त त्यातली शंभर मुलं, ते मोठ्याने ओरडणं, ते 'पूष्णे नमः'चं हसू, एवढं द्यायला त्यांच्याजवळ नव्हतं. बाबा कॉलेजसाठी होस्टेलवर गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी एकही नमस्कार घातला नाही. मात्र तेच बाबा होस्टेलवर रात्री दहापर्यंत दिव्याखाली बॅडमिंटन खेळायचे, असं त्यांचे मित्र सांगतात. नोकरी लागली, खेळणारे पांगले, बॅडमिंटन संपलं. मग उरली खुर्ची.

खुर्चीचा इतिहास सांगायचा तर लंडनच्या बसचा उल्लेख करायलाच हवा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास करून १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. एकाच बसवर दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर वर-खाली करणारा, रोजच्या साधारण सहाशे पायऱ्या. पगार, वस्ती, राहणी सारखीच. आणि हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांत ड्रायव्हरांच्या जवळपास निम्मं निघालं. 'बसून राहणं' आणि हृदय यांचा संबंध इतक्या मोठ्या पाहणीतून पहिल्यांदा दिसला तो इथे. शंकेखोर लोक म्हणाले, जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापं मिळवली, आणि निघालं की ड्रायव्हर खरंच मुळातच जरा जाड होते! तेही त्यांनी १९५६ मध्ये प्रामाणिकपणे छापलं. पुढे सरकारी कारकुनांचा अभ्यास केला तेव्हाही हलणाऱ्यांची बाजू सरस ठरली. स्वतः मॉरिस २००९ मध्ये गेले, ९९ वर्षांचे होऊन.

हे वाचताना मला आपल्या मुंबईच्या दुमजली बसवरचे कंडक्टर आठवले. ती खाकी, खांद्यावर चामड्याची पिशवी, तिकिटांचा पत्र्याचा डबा, टिक टिक करणारा चिमटा, आणि त्या अरुंद गोल जिन्यावरून धावत वर जाणं. डिझेलवरच्या त्या जुन्या गाड्या २०२३ मध्ये बंद झाल्या. त्या कंडक्टरांपैकी कोणी तरी स्वतःला 'व्यायाम करतो' म्हणालं असेल का?

म्हणूनच 'पूर्वीच्या बायकांना व्यायामाची गरजच नव्हती, घरकामातच व्हायचा' असं कोणी म्हटलं की मी जरा सावध होते. पहाटे चारला उठून जात्यावर पायलीभर दळणं हा व्यायाम नव्हता, कष्ट होते. त्या कष्टात जीव रमावा म्हणून बायकांनी ओव्या केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं काव्य झालं, पण गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं सुटलं म्हणून कोणी बाई रडली असेल असं मला वाटत नाही. मात्र ओवी सुटल्याचं, शेजारणीबरोबर समोरासमोर बसून खुंटा धरायचा तो तासभर सुटल्याचं दुःख त्या बायकांच्या सांगण्यात येतं. तेवढं वेगळं काढून बघायला हवं.

आणि मंगळागौर! श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीकडे जमायचं आणि रात्रभर जागायचं. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सुपं नाचवणं, लाटणं घेऊन खेळणं. कधी करून बघितलंय? बसफुगडीची दहा आवर्तनं घातली की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या सगळा हिशेब सांगतात. कुठलाही जिम ट्रेनर याला शाबासकी देईल इतका जोर त्यात आहे. ज्या काळात तालमीचं दार बायकांना बंद होतं, त्या काळात त्यांनी देवघराच्या बाहेरच्या खोलीत, देवीच्या नावाने, स्वतःची तालीम चालवली होती असं मला वाटतं. त्यात उखाणे होते, सासूवर टोले होते, दमलं की खायला फराळ होता. तब्येतीसाठी म्हणून कोणी आलेलं नव्हतं.

दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा काही डॉक्टरांनी मोजून काढलेला नाही. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव 'मानपोकेइ', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. तोंडात बसणारा आकडा, म्हणून जगभर पसरला. २०१९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सत्तरीच्या आसपासच्या बायकांना साधारण साडेसात हजारांपर्यंतच फायदा वाढताना दिसला, पुढे फारसा नाही. म्हणजे रात्री अकराला उरलेली सातशे पावलं पूर्ण करायला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या आमच्या 'ह्यां'नी निवांत झोपायला हरकत नाही. :-)

मी काय करते ते विचाराल, म्हणून सांगते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही सहा जणी सकाळी सव्वासहाला जमतो. वयं ३४ ते ७१. आधी नमस्कार घालतो, बारा, आणि नावं अगदी मोठ्याने घेतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बायकोला पाठवलं. मंगळवारी नमस्कारांना सुट्टी, त्या दिवशी फुगड्या आणि झिम्मा, मग श्रावण असो वा मार्च. सगळ्यांत मोठ्या ७१ च्या सुमतीकाकू पाठकोऱ्या कागदावर हजेरी लिहितात आणि न आलेल्या बाईच्या दारावर जाताना थाप मारून जातात. नंतर कोणाच्या तरी घरी चहा. भिजवलेले हरभरे मी दोनदा नेऊन बघितले. पहिल्या वेळी सगळ्यांनी चेष्टा केली, दुसऱ्या वेळी पुरले नाहीत.

माझे बारा अजून बारासारखे दिसत नाहीत, नवव्यापाशी कोपर बाहेर जातं. तिथे कोणी तो नमस्कार बाद करत नाही, हे बरं आहे.

आता नातेवाईक मंडळींना एक विनंती. आजोबांकडे औंधच्या शाळेतला सूर्यनमस्काराचा छापील तक्ता होता, दहा स्थितींची चित्रं असलेला, कडेला फाटलेला. माझ्या आठवणीत तो सदाशिव पेठेतल्या घरी कपाटाच्या दाराला आतून लावलेला होता. घर रिकामं करताना तो कोणी नेला असेल तर कळवा. मला द्यायला नको, नुसता फोटो पाठवलात तरी चालेल. आत्या म्हणते की नावांचा क्रम तिसऱ्यानंतर आम्ही चुकवतोय, आणि सुमतीकाकू म्हणतात की आत्याच चुकतेय.